जूनमध्ये कॉम्प्युटर बंद पडणार का? ‘सिक्युअर बूट’च्या दाखल्यांची मुदत संपतेय, पण खरा घोळ वेगळाच आहे

रविवारी रात्री पाथर्डीहून मामेभावाचा फोन आला. दादा तिथे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं सेंटर चालवतो. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक अंगठ्याचं मशीन आणि एक इन्व्हर्टर, एवढाच पसारा.

“अगं, जूनमध्ये विंडोजचं कसलं तरी सर्टिफिकेट संपतंय म्हणे. ग्रुपवर मेसेज आलाय, कॉम्प्युटर चालूच होणार नाहीत. खरंय का?”

त्याचा आवाज काळजीचा होता, आणि त्याला कारण आहे. जून-जुलै म्हणजे त्याच्या धंद्याची सुगी. दहावी-बारावीचे निकाल लागलेले असतात, प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रिमी लेअर, सगळं एकदम हवं असतं. त्यातच खरिपाच्या पीक विम्याचे फॉर्म. या दिवसांत एक मशीन दोन दिवस बंद राहिलं तरी बाहेर रांग लागते आणि एखाद्या पोराची प्रवेशाची तारीख हुकू शकते.

तर आधी थेट उत्तर. जूनमध्ये तुमचा कॉम्प्युटर बंद पडणार नाही. मेसेज पुढे पाठवला असेल तर डिलीट करा. पण मेसेजमधली अर्धी गोष्ट खरी आहे, आणि ती अर्धी गोष्ट पाथर्डी, जामखेड, अकोले अशा ठिकाणच्या जुन्या मशीनसाठी जास्त महत्त्वाची आहे.

बटण दाबल्यापासून विंडोज दिसेपर्यंत काय होतं?

आपण बटण दाबतो आणि काही सेकंदांनी विंडोजचा लोगो येतो. त्या मधल्या सेकंदांत विंडोज जागंच झालेलं नसतं. मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमध्ये वेगळा प्रोग्रॅम कायमचा बसवलेला असतो, तो आधी उठतो. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क कुठली, हे बघतो आणि मग विंडोजला हाक मारतो. हार्डवेअरमध्येच मुरलेल्या या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला तेव्हा या फर्मवेअरचं नाव होतं बायोस. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये किंवा एमएस-सीआयटीच्या क्लासला जुनी मशीन चालू होताना काळ्या पडद्यावर ‘अमेरिकन मेगाट्रेंड्स’ अशी पाटी यायची, आठवतंय? ती बायोस बनवणारी कंपनी. १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, आणि तिच्या संस्थापकांपैकी सुब्रमण्यन शंकर हे मूळचे आपल्याकडचे.

बायोस साधा होता आणि त्याने वीस-पंचवीस वर्षं काम भागवलं. पण त्याला मोठ्या डिस्क झेपेनात. जुन्या पद्धतीत साधारण २ टेराबाइटच्या पुढची डिस्क त्याला धड वापरताच यायची नाही. इंटेलने नव्वदच्या दशकात आपल्या सर्व्हरच्या प्रोसेसरसाठी नवी रचना आखायला घेतली. पुढे २००५ मध्ये कंपन्यांनी एकत्र येऊन तिचा सामाईक आराखडा करायचं ठरवलं, तोच आजचा यूईएफआय. मागच्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक सगळ्या कॉम्प्युटरमध्ये हाच असतो. दुकानदार त्यालाही सवयीने ‘बायोस’च म्हणतात, जसं आपण जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं तरी एसटीत बसताना ‘नगरचं एक द्या’ म्हणतो.

यूईएफआयबरोबर एक नवी गोष्ट आली, सिक्युअर बूट. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ती घराघरातल्या मशीनमध्ये पोचली. तिचं काम दारावरच्या वॉचमनचं. चालू होताना जो प्रोग्रॅम ‘मला आत सोड’ म्हणतो, त्याच्यावर ओळखीची सही आहे का ते ती बघते. सही ओळखीच्या यादीत असेल तर आत, बंदी घातलेल्यांच्या यादीत असेल तर बाहेर.

ही ओळख पटवायला लागतात डिजिटल दाखले, म्हणजे सर्टिफिकेट. मायक्रोसॉफ्टने ते २०११ मध्ये तयार केले, पंधरा वर्षांच्या मुदतीचे. २०११ अधिक १५ म्हणजे २०२६. दोन दाखले जूनमध्ये संपतायत. त्यातल्या एकाच्या जोरावर त्या दोन्ही याद्या बदलता येतात, दुसऱ्याने लिनक्स आणि ग्राफिक्स कार्डसारख्या बाहेरच्यांना सही मिळते. विंडोजच्या स्वतःच्या बूट प्रोग्रॅमवर ज्या दाखल्याची सही असते, तो तिसरा दाखला ऑक्टोबरमध्ये संपतो.

मग संपल्यावर बंद का पडणार नाही?

हे दादाला समजावणं सोपं गेलं, कारण त्याचा धंदाच दाखल्यांचा.

नॉन क्रिमी लेअरची मुदत ३१ मार्चला संपते. म्हणून त्या दाखल्यावर आदल्या वर्षी घेतलेला प्रवेश १ एप्रिलला रद्द होतो का? नाही. जे काम मुदतीत झालं ते झालं. पण नवा प्रवेश घ्यायचा तर नवा दाखला लागतो.

इथेही तसंच. २०११ च्या दाखल्याने ज्या प्रोग्रॅमवर आधीच सही झालीय, तो चालत राहणार. फर्मवेअर चालू होताना दाखल्याची तारीख बघत बसत नाही. आणि बघणार तरी कुठल्या घड्याळात? मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, २०३२ नंबरचा. तो उतरला की मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि एकही वेबसाइट धड उघडत नाही, हे सेंटरवाल्यांना तोंडपाठ आहे. अशा घड्याळावर विसंबून कॉम्प्युटर चालू करायचा की नाही हे ठरवलं असतं तर देशातली निम्मी जुनी मशीन केव्हाच अडकली असती.

फरक पडतो तो पुढच्या कामात. मुदत संपल्यावर जुन्या दाखल्याने नव्या प्रोग्रॅमवर सही करता येणार नाही, आणि बंदी यादीत नवी नावंही घालता येणार नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०२३ चे नवे दाखले तयार केलेत आणि ते विंडोज अपडेटमधून टप्प्याटप्प्याने पाठवले जातायत. ज्या मशीनला ते मिळतील तिचा वॉचमन नव्या यादीने काम करेल. ज्या मशीनला मिळणार नाहीत तिचा वॉचमन दारावर उभाच राहील, पण त्याच्या हातात २०२६ ची यादी कायमची.

जुनी यादी हातात असलेल्या वॉचमनचं काय होतं?

हा नुसता तर्क नाही, एकदा घडून गेलंय. ऑक्टोबर २०२२ च्या सुमारास हॅकरांच्या बाजारात ‘ब्लॅकलोटस’ नावाचा मालवेअर ५,००० डॉलरला विकायला आला. मार्च २०२३ मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने तपासून सांगितलं की हा खरोखर सिक्युअर बूटला चकवतो, आणि तेसुद्धा सगळे अपडेट टाकलेल्या विंडोज ११ वर.

त्याने केलं काय? विंडोजच्या एका जुन्या बूट प्रोग्रॅममध्ये चूक होती. मायक्रोसॉफ्टने ती जानेवारी २०२२ मध्ये दुरुस्त केली. पण आधीचा चुकीचा प्रोग्रॅम बंदी यादीत गेलाच नव्हता. त्याच्यावरची सही अस्सल होती. ब्लॅकलोटस तो जुना, सहीवाला प्रोग्रॅम सोबत घेऊन यायचा, वॉचमन सही बघून सोडायचा, आणि एकदा आत शिरलं की हा मालवेअर विंडोजच्या आधी उठून विंडोजचा अँटिव्हायरस बंद करायचा. चोर घरात शिरल्यावर आधी कुत्र्याला बांधतो, तसं. त्याच्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टला मे २०२३ पासून टप्प्याटप्प्याने द्यावी लागली, कारण बंदी यादीत एकदम नावं घातली असती तर कित्येक चांगली मशीनही चालू झाली नसती.

इतकी सावधगिरी का, याचं उत्तर १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी बघितलं. ती चूक फर्मवेअरची नव्हती, क्राउडस्ट्राइक कंपनीच्या अपडेटची होती. पण ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. कॉम्प्युटर चालूच होत नसेल तर लांबून दुरुस्त करता येत नाही. माणूस त्या मशीनसमोर जाऊन बसावा लागतो.

कंपन्यांनीही काही कमी घोळ घातलेले नाहीत, हेही सांगायला हवं. जुलै २०२४ मध्ये बायनार्ली या कंपनीने दाखवून दिलं की दोनशेहून जास्त मॉडेलमध्ये फर्मवेअरची मुख्य किल्ली ही चाचणीसाठी बनवलेली नमुन्याची किल्ली होती. तिच्या नावातच ‘विश्वास ठेवू नका’ असं लिहिलेलं होतं. मशीन बनवणाऱ्यांनी ती बदलून स्वतःची टाकायची होती, त्यांनी ती तशीच बाजारात पाठवली.

दादाची तीन मशीन

मी त्याला म्हणाले, स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोध आणि उघडलेल्या पानाचा फोटो पाठव. त्यात दोन ओळी बघायच्या. एक ‘बायोस मोड’, दुसरी ‘सिक्युअर बूट स्टेट’. तुम्हीही आत्ता बघू शकता, दोन मिनिटांचं काम आहे.

तीन फोटो आले.

पहिला तीन वर्षांपूर्वी नवा घेतलेला लॅपटॉप. विंडोज ११, मोड यूईएफआय, सिक्युअर बूट ऑन. याला फार काही करायचं नाही. विंडोज अपडेट बंद ठेवू नये एवढंच. खात्री करायची असेल तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधल्या सिस्टिमच्या नोंदींत १८०८ नंबरची नोंद शोधायची. ती दिसली म्हणजे नवे दाखले पोचले. १८०१ दिसत असेल तर अजून पोचायचेत, आणि कदाचित मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून फर्मवेअरचा अपडेट घ्यावा लागेल.

दुसरा डेस्कटॉप. मोड लेगसी. म्हणजे मशीनमध्ये यूईएफआय असेलही, पण विंडोज जुन्या बायोसच्या पद्धतीने टाकलंय. नगरच्या एका दुकानात त्याने तो फॉरमॅट मारून घेतला होता. अडचण नको म्हणून असं करणं सर्रास चालतं. या मशीनला जूनच्या तारखेने शून्य फरक पडतो, कारण त्याच्या दारावर वॉचमन कधी नव्हताच. हे ऐकून दादाला हायसं वाटलं. मला नाही वाटलं, कारण याच मशीनवर लोकांचे आधार नंबर आणि बँक पासबुकाचे स्कॅन पडलेले असतात.

तिसरा सेकंडहँड लॅपटॉप, इंटेलच्या सहाव्या पिढीचा. मोड यूईएफआय, सिक्युअर बूट ऑन, विंडोज १०. खरी गोम इथे आहे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर अपडेट हवे असतील तर वाढीव सुरक्षेच्या योजनेत नाव नोंदवावं लागतं. ज्यांनी नोंदवलेलं नाही त्यांना नवे दाखलेही मिळणार नाहीत, हे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलंय. विंडोज ११ वर जायचं तर त्याच्या अटी यूईएफआय, सिक्युअर बूट, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. दादाचा लॅपटॉप पहिल्या दोन अटींत बसतो आणि शेवटच्या अटीत नापास होतो. मशीन धडधाकट आहे, कीबोर्डचं एक बटण सोडलं तर.

पुण्या-मुंबईच्या कंपन्या चार-पाच वर्षं वापरून लॅपटॉप काढून टाकतात. ते फिरत फिरत तालुक्याच्या गावी येतात आणि इथे त्यांचं दुसरं आयुष्य सुरू होतं. कंपनीच्या हिशोबात मेलेलं मशीन आपल्याकडे कॉलेजच्या पोराचा पहिला लॅपटॉप असतो. अपडेटचा हिशोब मात्र पहिल्या मालकाच्या वयावर चालतो.

घाईत काही करू नका, आधी हे बघा

विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना ती वाढीव सुरक्षा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकते. मायक्रोसॉफ्टचं अकाउंट जोडून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत, नाहीतर साधारण ३० डॉलर. दादाचं सेंटर घरगुती म्हणायचं की धंद्याचं, यावर आम्ही फोनवर बराच वाद घातला. संस्थांसाठी दर वेगळा आहे, एका मशीनला पहिल्या वर्षी ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. वीस कॉम्प्युटरच्या एखाद्या पतसंस्थेला पहिल्याच वर्षी लाखाच्या पुढे खर्च येतो. शाळांना मात्र पहिल्या वर्षी मशीनमागे १ डॉलर आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत ही माहिती कुणी पोचवली पाहिजे.

फर्मवेअर अपडेट करायचं ठरवलंच, तर दोन धोके आपल्याकडे जास्त आहेत. पहिला लाइटचा. अपडेट चालू असताना मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा जाऊ शकतो. डेस्कटॉप यूपीएसवर असल्याशिवाय याला हात लावू नका, आणि वळवाच्या पावसाच्या संध्याकाळी तर अजिबात नाही. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो, पण सेकंडहँड लॅपटॉपची बॅटरी बहुतेकदा उतरलेली, आणि बॅटरीत पुरेसा चार्ज नसेल तर बरेच लॅपटॉप अपडेट घ्यायलाच नकार देतात.

दुसरा धोका बिटलॉकरचा. विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते, आपल्याला कल्पनाही नसते. फर्मवेअरमध्ये किंवा सिक्युअर बूटमध्ये बदल झाला की कधीकधी निळा पडदा येतो आणि ४८ आकडी किल्ली मागतो. ही किल्ली मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये साठवलेली असते. अकाउंट कुणाचं? ज्याने लॅपटॉप पहिल्यांदा चालू केला त्याचं. आणि आपल्याकडे कितीतरी लॅपटॉप दुकानदाराने ‘सर, सगळं करून देतो’ म्हणत स्वतःच्या ईमेलवर चालू करून दिलेले असतात. त्याला पासवर्ड आठवत नसेल तर फोटो, फायली, सगळं गेलं. म्हणून काहीही करण्याआधी अकाउंट आपलं आहे का बघा, किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवा आणि महत्त्वाच्या फायली पेनड्राइव्हवर काढा.

आणि कुणी ‘सिक्युअर बूट ऑफ करून टाका, कटकटच नको’ असं सांगितलं तर ऐकू नका. दाखले संपतायत म्हणून वॉचमनलाच काढून टाकण्यात काही हशील नाही.

तिसऱ्या लॅपटॉपसाठी लिनक्सचा रस्ता आहे, तो मी दादाला सुचवला. केरळच्या सरकारी शाळांनी हा रस्ता कित्येक वर्षांपूर्वी धरला, त्यांच्या ‘काइट’ या संस्थेने शाळांसाठी स्वतःचं लिनक्स तयार केलंय आणि मुलं त्यावरच शिकतात. जुन्या मशीनवर ते हलकं चालतं. पण लिनक्सची सहीसुद्धा याच दाखल्यांच्या साखळीतून येते. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका अपडेटनंतर एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स चालू व्हायचं थांबलं होतं. म्हणजे कॉम्प्युटर आपला, पैसे आपण मोजलेले, पण त्याच्या दारावर कुणाची सही चालणार हे ठरतं वॉशिंग्टन राज्यातल्या रेडमंडला. पंधरा वर्षांच्या मुदतीचे दाखले काढताना पाथर्डीत ही मशीन सोळाव्या वर्षीही चालत असतील, हा विचार तिथे कुणाच्या डोक्यात येणं अवघडच होतं.

दादाने अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेल का, असा नेमका प्रश्न विचारला. त्याची हमी मी देऊ शकले नाही. शेवटी ठरलं ते असं. लोकांच्या आधारची कामं पहिल्या लॅपटॉपवरच करायची. तिसऱ्यावर वाढीव सुरक्षेची नोंदणी करून बघायची. आणि दुसऱ्या डेस्कटॉपचं काम प्रवेशाचा हंगाम संपल्यावर ऑगस्टमध्ये काढायचं, फायली उतरवून, नव्याने, यूईएफआय पद्धतीने. तोवर त्यावर फक्त झेरॉक्स आणि प्रिंट.

“मग ग्रुपवर काय टाकू?” त्याने विचारलं.

“टाक, बंद पडणार नाही. पण सिस्टिम इन्फर्मेशनचा फोटो पाठवा म्हणावं.”

सकाळपर्यंत त्याच्याकडे अकरा फोटो आले होते. त्यातले सात लेगसी.